जिन्याखालचा काटा

वाण्याकडे साखर घेताना आपलं लक्ष साखरेपेक्षा काट्याकडे जास्त असतं. भाजीवाली पारड्याला हळूच बोट लावत नाही ना, हे आपण बोलता बोलता बघून घेतो. पेट्रोल पंपावर तर पंपावरचा पोऱ्याच 'शून्य बघून घ्या' म्हणतो आणि आपण आज्ञाधारकपणे मान वळवतो. पण महिन्याकाठी दोन-अडीच हजारांचा एक माल असा आहे, की त्याचा काटा आपल्याच जिन्याखाली टांगलेला असतो, दिवसरात्र चालू असतो, आणि तरी आपण वर्षानुवर्षं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याच्यावर कबुतरांनी घाण केलेली असते, शेजारी कोणाची तरी मोडकी सायकल टेकवलेली असते. महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन त्याचा फोटो काढून जातो आणि मग आपल्याला कळतं की आपण किती माल घेतला.

हे पुस्तक त्या काट्याविषयी आहे. आणि काट्याइतकंच त्या मालाच्या भावाविषयी.

या विषयात मी फजितीमुळे ओढला गेलो. घरात आम्ही दोघंच, एक फ्रिज, तीन पंखे, आठवड्यातून दोनदा वॉशिंग मशीन. तरी बिल यायचं भरल्या घराचं. वरच्या मजल्यावर चार माणसं आणि एक ए.सी.; त्यांचं बिल आमच्यापेक्षा कमी. 'काटकसर शिकावी तर वहिनींकडून' असं मी घरात म्हणालोही होतो, आणि त्याचे परिणाम भोगले होते. तीन वर्षांनी एकदा आमचा फ्यूज उडाला. वायरमन आला, त्याने आमच्या मीटरखालचा कटआउट ओढला, आणि वरच्या गॅलरीतून वहिनी ओरडल्या, 'अहो, आमचा टीव्ही गेला!' इमारतीला रंग देताना सगळा बोर्ड उतरवून परत बसवला होता आणि मीटरखाली ऑइलपेंटने लिहिलेले फ्लॅटचे नंबर तेव्हा अदलाबदल झाले होते. कोणी केलं, कसं झालं, हे कधीच कळलं नाही. वरच्या भाऊंनी चहा पिता पिता तीन वर्षांचा हिशोब मान्य केला, पैसे हप्त्याहप्त्याने दिले आणि पुढच्या उन्हाळ्याआधी ए.सी. विकून टाकला.

सांगायचा मुद्दा असा, की ही चूक शोधायला एक मिनिट लागतं. घरातला मेन स्विच बंद करायचा, खाली जाऊन आपल्या नावाच्या मीटरचा लाल दिवा बघायचा. मेन बंद असूनही तो मिचकत असेल, तर एक तर तो मीटर आपला नाही किंवा मीटरपासून घरापर्यंतच्या वायरीत काहीतरी गडबड आहे. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्यावं. हे एक मिनिट मी तीन वर्षं काढलं नाही.

मोजणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न विजेइतकाच जुना आहे. १८८२मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याकडे आजच्यासारखा मीटर नव्हता. गिऱ्हाइकाच्या घरी काचेची बरणी ठेवायची, तिच्यात झिंक सल्फेटचं पाणी आणि जस्ताच्या दोन पट्ट्या. घरातल्या प्रवाहाचा छोटासा ठरावीक हिस्सा त्या बरणीतून जायचा आणि एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढायचं. ठरलेल्या मुदतीने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून घेऊन जायचा, त्या तोलल्या जायच्या, आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल निघायचं. बरणीकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी गिऱ्हाइकाला काही वाचता येत नव्हतं.

त्यावर उतारा निघाला बुडापेस्टला. गान्झ कारखान्यातल्या ओटो ब्लाथी या हंगेरियन अभियंत्याने १८८९मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारा फिरत्या चकतीचा मीटर तयार केला. आपल्या लहानपणी काळ्या पेटीत जी अ‍ॅल्युमिनियमची चकती गरगरायची, ती याच कुळातली. तिच्या कडेवर एक काळी खूण असे. घरात इस्त्री लावली की चकतीला वारं लागायचं, दिवे मालवले की ती आळसावायची. किती फेऱ्यांचं एक युनिट, हे पेटीवरच छापलेलं असायचं. या यंत्राचा मोठेपणा मला वाटतो तो इथे: खर्च डोळ्यांना दिसत होता. विजेचं शास्त्र ज्यांना ठाऊक नव्हतं अशा आज्यासुद्धा 'चक्र जोरात फिरतंय, कोणी शेगडी लावलीय का बघ' म्हणायच्या.

आता चकती गेली, दिवा आला. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असा काहीतरी आकडा असतो. कुठे १६००, कुठे आणखी वेगळा. दिवा ३२०० वेळा मिचकला की एक युनिट झालं. युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास. तेव्हा २००० वॉटचा गिझर एकटाच चालू असेल, तर १०० मिचकावण्यांना साधारण ५६ सेकंद लागायला हवेत. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकाला घड्याळ घेऊन खाली उभं करा आणि मोजा. व्होल्टेज पडलेलं असेल तर गिझरच कमी वीज ओढतो, म्हणून साठ-पासष्ट सेकंद लागले तर घाबरू नका. पस्तीसच लागले, तर मात्र मीटर तपासून घ्यायला हवा.

'नवा मीटर पळतो' ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की तिला इथेच उत्तर दिलेलं बरं. जुनी चकती वयाबरोबर जड व्हायची. धूळ बसायची, टेकण झिजायचं, आणि अगदी लहान भाराला ती हलायचीच नाही. सेट टॉप बॉक्स, वायफायचा डबा, भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर, झोपी गेलेला टीव्ही हे सगळे तिच्या नजरेतून सुटायचे. नव्या मीटरच्या सुटत नाहीत. दहा वॉटचा सेट टॉप बॉक्स चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला सात युनिटं होतात. मीटर बदलल्यावर बिल वाढलं याचा अर्थ पुष्कळदा इतकाच, की आधीची वर्षं आपल्याला थोडी वीज फुकट मिळाली होती. पण 'पुष्कळदा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. शंका असेल तर रीतसर फी भरून मीटर तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि मीटर सदोष ठरला तर बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. उशीर करणाऱ्याला हा नियम सवलत देत नाही, म्हणून शंका आल्या महिन्यातच अर्ज द्यावा.

आता भावाकडे वळू. खरी गंमत तिथे आहे.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. ती दरवर्षी विजेची कंपनी आणि दरपत्रक दोन्ही निवडते. कधी वर्षभर एकच भाव बांधून घेते, कधी तरता भाव घेते. 'तू कुठला टॅरिफ घेतलास मामा?' असं तिने विचारलं तेव्हा मी हसलो होतो. आपल्याला कोण विचारतो? महाराष्ट्रात घरगुती दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. १९९९ साली आयोग आला, २००३च्या वीज कायद्याने त्याला बळ दिलं, २००५मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आलं, आणि तेव्हापासून राज्याच्या बहुतेक भागात घराला एकच विक्रेता आणि एकच दरपत्रक. निवड कसली?

पुस्तक लिहिता लिहिता माझं मत बदललं. निवड आहे, फक्त ती कागदावर खूण करून होत नाही. आपण किती वापरतो, कशासाठी वापरतो, किती भार मंजूर करून घेतला आहे आणि आता तर कोणत्या वेळी वापरतो, यावरून आपला दर ठरतो. म्हणजे दरपत्रकातली ओळ आपणच निवडतो, पण न बघता.

पायऱ्यांपासून सुरुवात करतो. महावितरणच्या घरगुती दराला चार पायऱ्या आहेत: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि पुढे सगळी. दर दरवर्षी हलतात, म्हणून उदाहरणाला मी २०२४-२५ सालचे घेतो. पद्धत समजली की चालू आकडे वाचकाने स्वतः भरावेत. त्या वर्षी पहिल्या पायरीचा वीज आकार युनिटला ४.७१ रुपये होता, दुसऱ्या पायरीचा १०.२९, तिसरीचा १४.५५ आणि चौथीचा १६.६४. प्रत्येक युनिटावर वहन आकार १.१७ रुपये, एका फेजच्या जोडणीला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये, आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वरखाली होतो, तो तूर्त बाजूला ठेवू.

२२० युनिटांचं बिल मांडून बघा. पहिल्या शंभराचे ४७१ रुपये. पुढच्या १२० युनिटांचे १,२३४.८०. वहन आकार २५७.४०. स्थिर आकार १२८. बेरीज २,०९१.२० आणि शुल्क ३३४.५९, म्हणजे साधारण २,४२६ रुपये. भागाकार केला तर युनिटला अकरा रुपये पडले, असं आपण म्हणतो आणि तिथेच चुकतो. त्या घराने एक युनिट वाचवलं तर अकरा रुपये वाचत नाहीत. वाचतं ते दुसऱ्या पायरीवरचं युनिट, वहन आकार आणि शुल्क धरून १३ रुपये २९ पैशांचं. हेच घर ३२० युनिटांवर गेलं तर तिथलं शेवटचं युनिट १८ रुपयांच्या वर पडतं, आणि ९० युनिटांवर राहिलं तर सात रुपयांच्या आत. खर्च कमी करायचा असो की नवं उपकरण घ्यायचं असो, हिशोब नेहमी या शेवटच्या युनिटाच्या भावाने करावा. सरासरीला इथे काही अर्थ नाही.

पंख्याचंच बघा. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला सोळा तास फिरला तर महिन्याला जवळपास २२ युनिटांचा फरक. दुसऱ्या पायरीवरच्या घरात ती २८७ रुपये वाचवतात. पंखा वर्षभरात फिटतो. तोच पंखा ८० युनिटांत भागवणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी लावला तर बचत दीडशेच्या खाली, आणि बाईंचा पंखा सोळा तास फिरतही नसेल. दुकानदार दोघांनाही एकच गोष्ट सांगतो.

एक गैरसमज इतका घट्ट बसला आहे, की त्याच्यासाठी मी पुस्तकात एक आख्खं प्रकरण खर्च केलं. '१०१वं युनिट झालं की पहिली शंभरही महाग होतात' असं लोक समजतात. होत नाहीत. जिना चढताना खालच्या पायऱ्या वर सरकत नाहीत. दिल्लीसारख्या ठिकाणी २०० युनिटांपर्यंत बिल शून्य आणि त्यापुढे अनुदान एकदम कमी, असा कडा आहे. बातम्या वाचून तो आपण आपल्याही डोक्यात बसवला असावा. आपल्याकडे कडा नाही, चढ आहे.

पण चढ फार खडा आहे, हे माझं मत मी लपवत नाही. जास्त वापरणाऱ्याने जास्त भाव द्यावा आणि त्यातून थोडक्यात भागवणाऱ्याला आधार मिळावा, हे तत्त्व मला मान्य आहे. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना भाव जवळपास दुप्पट व्हावा, हे मान्य नाही. त्यातून ही १००ची पायरी साऱ्या राज्याला एकच. मे महिन्यात चंद्रपुरात राहायचं तर कूलर लागतो. दीडशे ते दोनशे वॉटचा कूलर वीस तास चालला की दिवसाला तीन-चार युनिटं, म्हणजे महिन्याला शंभर एकट्या कूलरची. त्याच महिन्यात महाबळेश्वरात लोक पांघरूण घेऊन झोपतात. दोघांना पहिली पायरी तेवढीच. आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. ज्यांच्या अंगणात त्याची राख पडते, तेच उन्हाळ्यात दुसऱ्या पायरीवर चढलेले असतात.

पायऱ्यांना दिवसांचीही बाब जोडलेली आहे. रीडिंग ३० दिवसांऐवजी ३५ दिवसांनी झालं, तर पहिली पायरीही त्या प्रमाणात लांबून साधारण ११७ युनिटांची व्हायला हवी. बिलावर बिल कालावधी छापलेला असतो; आधी तो बघावा. २०२०च्या टाळेबंदीत हे ज्ञान सगळ्यांना एकदम हवं झालं. मार्चअखेरीस रीडिंग थांबलं, दोन-तीन महिने हिवाळ्यातल्या वापरावरून सरासरी बिलं गेली, आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा, घरकोंडीचा, दिवसभर चाललेल्या पंख्यांचा सगळा हिशोब एकत्र आला. राज्यभर आरडाओरड झाली. ज्यांच्याकडे स्वतः टिपलेलं एखादं रीडिंग होतं, त्यांना निदान एवढं तपासता आलं की पायऱ्या तीन महिन्यांच्या धरल्या आहेत की एका. बाकीच्यांनी रांग लावली.

पायऱ्यांनंतर वर्ग. घर ते घर आणि दुकान ते दुकान, हे दिसतं तितकं सरळ नाही. घरच्या घरी शिकवण्या, शिवणकाम, पार्लर चालवणाऱ्या बायकांना 'तुम्हाला व्यापारी मीटर लागेल' अशी भीती घातली जाते. घरगुती जोडणीवर असा छोटा उद्योग, महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या मर्यादेत, घरगुती दरानेच चालवता येतो. ही मुभा दरपत्रकातच लिहिलेली आहे. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांनाही घरगुती दर लागतो. स्वतःची विजेची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर तिला घराचाच दर. उलट मर्यादेबाहेर जाऊन गप्प राहिलं तर वीज कायद्याचं कलम १२६ आहे, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. सूट घ्यावी, पण चोरून नको.

एका घरात दोन मीटर घेऊन पायऱ्यांचा फायदा दोनदा उकळण्याची युक्ती मला पुष्कळांनी कानात सांगितली आहे. खरोखर चूल वेगळी असेल, भाऊ वेगळे राहत असतील, कागदपत्रं तशी असतील, तर वेगळा मीटर जरूर घ्यावा. तो हक्क आहे. चूल एक आणि मीटर दोन असेल तर तपासणीच्या दिवशी ते एकत्र धरले जातात, आणि मग शहाणपण महागात पडतं.

मंजूर भार आणि फेज यांच्याविषयी थोडक्यात. बंगला बांधताना वायरमन हौसेने तीन फेज सुचवतो. तीन फेजचा स्थिर आकार एका फेजच्या तिपटीहून अधिक असतो आणि तो कुलूप लावून गावाला गेलात तरी द्यावाच लागतो. तीन ए.सी., मोठी मोटर असं काही नसेल तर त्याची गरज नाही. बस.

मुंबईकरांना मात्र खरीखुरी निवड मिळाली आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत बेस्ट, भांडुप-मुलुंडला महावितरण, आणि उरलेल्या उपनगरांत जी कंपनी पूर्वी बीएसईएस होती, मग रिलायन्स झाली आणि २०१८पासून अदानी आहे, अशी ही वाटणी. टाटांना घरगुती ग्राहकांना थेट वीज विकता येते का, यावर वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये 'येते' म्हटलं, आणि २००९मध्ये आयोगाने वाट काढली: तारा त्याच राहतील, वीज दुसऱ्याची घ्या. उपनगरातल्या ग्राहकांनी मोठ्या संख्येने कंपनी बदलली. मग जुन्या कंपनीच्या तुटीचा भार सोडून गेलेल्यांवरही बसला, अधिभार आले, आणि पहिल्या वर्षीचा आनंद थोडा उतरला. आजही तिथे निवड आहे, पण ती जाहिरातीवरून करू नये. दोन्ही दरपत्रकं समोर ठेवून, स्वतःची बारा महिन्यांची युनिटं त्यांत घालून, वहन आकार आणि अधिभारासकट बेरीज करावी. कमी वापरणाऱ्याला जी स्वस्त पडते ती जास्त वापरणाऱ्याला स्वस्त पडेलच असं नाही. पायऱ्या दोघांच्या वेगळ्या आहेत.

आता स्मार्ट मीटर. देशभरात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचं लक्ष्य केंद्राच्या २०२१च्या योजनेत ठरलं. महाराष्ट्रात त्याला कडाडून विरोध झाला, आणि जून २०२४मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. नंतर जे येऊ लागले ते टीओडी मीटर: बिल आधीसारखंच महिनाअखेर, पण कोणत्या तासाला किती वीज वापरली हे मीटर टिपून ठेवतो. १ जुलै २०२५पासून असा मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून सवलत सुरू झाली.

भाचीच्या देशात रात्रीची वीज स्वस्त देणारं दरपत्रक फार जुनं आहे. आपल्याकडे उलटं, कारण आपल्याकडे दुपारी सौर वीज ओसंडते आणि संध्याकाळी सगळे घरी येऊन एकदम बटणं दाबतात. भारनियमनाच्या दिवसांत जे दुपारचे तास पंख्याविना काढले, तेच आज सवलतीचे झाले आहेत, हे मला अजून खरं वाटत नाही.

या सवलतीविषयी माझं मत कोमट आहे. वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी लावून महिन्याला ३० युनिटं सरकवली तर शुल्कासकट २८ रुपये वाचतात. घरी माणूस असेल तर सोडू नयेत. पण सगळ्यात जास्त वीज खाणारा गिझर सकाळी सातला चालतो, आणि नोकरीवर जाणाऱ्याला आंघोळ नऊनंतर करा म्हणून सांगता येत नाही. पावणेतीनशे रुपये वाचवणारा पंखा न बदलता अठ्ठावीस रुपयांसाठी घरातल्या बाईला भर दुपारी इस्त्रीला उभं करणं हे शहाणपण नव्हे. तासातासाची नोंद मात्र बहुमोल आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर रात्री दोन वाजताचा आकडा बघा. सगळे झोपलेले असताना घर किती वीज पितं ते कळतं. फ्रिज सोडून त्यात जे उरेल, ते शोधण्यात एक रविवार जाऊ द्यावा.

छतावरच्या सौर पॅनेलांवर वेगळं प्रकरण आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पॅनेल विकणाऱ्याकडून क्वचितच ऐकू येते. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. पावसाळ्यात कमी, एप्रिलमध्ये जास्त. ही युनिटं तुमच्या बिलातून जातात ती वरच्या पायरीवरून. म्हणजे ४०० युनिटं वापरणाऱ्याचे पहिले शंभर अठरा रुपयांच्या भावाने वाचतात, त्यापुढचे तेराच्या, आणि अगदी शेवटी सातच्या. छत मोकळं आहे म्हणून पहिल्या पायरीच्याही आत शिरेल एवढी पॅनेलं लावली, तर शेवटच्या पॅनेलला फिटायला पहिल्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. बाराही महिन्यांची बिलं समोर घेऊन मगच आकार ठरवावा.

तक्रारींबाबत माझा अनुभव बरावाईट दोन्ही आहे. १९१२ या क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. कार्यालयात उत्तर मिळालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर मुंबई आणि नागपूर इथे विद्युत लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही, कागद लागतात. एप्रिल-मे महिन्यात नेहमीच्या बिलाबरोबर आणखी एक बिल येतं, ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. तो दंड नव्हे, तुमच्याच नावावर राहणारी रक्कम आहे आणि तिच्यावर व्याज मिळतं. ते व्याज बिलातून वळतं झालं का, हे तपासणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

या पुस्तकातले दर उद्या जुने होतील. आयोग नवा आदेश काढेल, पायऱ्यांचे भाव हलतील, कदाचित पायऱ्याच बदलतील. म्हणून प्रत्येक प्रकरणात आकडे कमी आणि मांडणी जास्त ठेवली आहे, आणि शेवटी रकाने कोरे सोडले आहेत. ते भरायला तुमचं स्वतःचं बिल आणि एक पेन्सिल लागेल. विजेचं शास्त्र येत नाही म्हणून कोणी थांबू नये. भागाकार येत असेल तर पुरे.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक करा. बॅटरी घ्या, खाली जा, मीटरवरची धूळ पुसा. आकडे एकामागून एक सरकतात. तारीख येईल, वेळ येईल, मग ज्याच्याखाली केडब्ल्यूएच लिहिलं असेल तो आकडा. तो कालनिर्णयवर आजच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा खाली जा. मग पहिलं प्रकरण उघडा.